तेरा खुंट्यांचा पाट

चांगुणाबाईचा दिवस पहाटे चारला सुरू होई. भिजवलेली अंबाडी पिळून ती दोर वळायला बसे. उजाडेपर्यंत चाळीस हात. मोजून.

१९६४ साली मोताळ्याजवळ धरणाचं मातीकाम चालू होतं. मी खोदायला होतो, ती घमेली वाहायला. एक दिवस तिच्या मानेत उसण भरली. ओझं उचलवेना.

मुकादम उकंडराव म्हणाले, "दोर वळता येते ना तुले? बायांच्या डोक्यावर घमेल्याखाली ठेवाले साठ चुंबळी करून दे. भाराखाली टिकल्या तं काम तुलेच. नाही तं हजेरीतून नाव कापतो."

चुंबळी विणायला कामावरच्या सुतारानं, जब्बार मिस्त्रीनं, लाकडी पाटावर गोलाकार बारा खुंट्या ठोकून दिल्या. बाराच, कारण गोलाचे चार भाग आणि प्रत्येकाचे तीन पाडणं सोपं. चांगुणाबाई दर तिसऱ्या खुंटीला वेढा देत गेली. चार खुंट्यांतच दोर सुरुवातीला परत आला. आठ रिकाम्या राहिल्या. त्यांना आणखी दोन दोर लागले. एका चुंबळीत तीन सुटी कडी, तीन गाठी. पहिल्याच घमेल्याखाली ती फाकली.

"तुह्या चुंबळीचे तं तीन वाटे झाले वं!" उकंडराव हसले.

ती पाट घेऊन बसली. दहा खुंट्यांवर तीनची उडी जमली, पण जाड चुंबळीसाठी पाचची घेतली की दोर पुन्हा मध्येच परते. अकरावर कधीच फसलं नाही, मात्र खुंट्यांमधलं अंतर तेच असल्यानं चुंबळ डोक्याला लहान पडे. मग तेरा. तीनची, चारची, पाचची, कितीचीही उडी घेतली तरी दोर सगळ्या खुंट्यांना शिवूनच परत येई. एक दोर, एक गाठ.

"तेरा?" जब्बार म्हणाला. "कामाचे तीन-तेरा करता काय बाई? तेराचे सारखे भाग कसे पाडू मी?"

"पडत नाहीत म्हणूनच पायजेत. चुकलं तं पुन्हा मोजा. मी बसली हाय इथंच."

त्यानं तीनदा मोजलं.

उकंडराव स्वतः चुंबळीवर उभे राहिले. ती हलली नाही. "हाव," म्हणाले, "कर साठ."

माझी पुतणी कॉलेजात गणित शिकवते. तिच्याकडून कळलं की तेरासारख्या न भागणाऱ्या आकड्यांना मूळ संख्या म्हणतात, आणि मोठे गणिती त्या संख्यांकडे दोराच्या गाठींसारखं पाहतात. गाठींबद्दल जे कळतं, ते संख्यांना लावून बघतात. मला ते गणित येत नाही. पण मी तो पाट पाहिला आहे.

दोन वर्षांत तिनं नऊशे चुंबळी केल्या. एकही परत आली नाही. त्या मजुरीतून तिनं जब्बारकडूनच एक हातगाडी करून घेतली. तिची सून पाण्याचे हंडे डोक्याऐवजी त्या गाडीवरून आणू लागली.