दोन गालांवर दोन तीळ

आमची मुलगी कॉम्प्युटरवर तिच्या बाबांचं डोकं घडवते आहे. आधी अर्धा चेहरा करायचा आणि तोच आरशासारखा उलटवून दुसरीकडे जोडायचा, अशी तिची पद्धत. त्वचेवरची छिद्रं, दाढीचे खुंट, सगळं हुबेहूब उतरलंय. फक्त तीळ दोन्ही गालांवर आलाय.

"आई, खरा कुठला? दुसरा पुसते."

मी जुने-नवे फोटो चाळले. सेल्फीत तो उजवीकडे दिसतो, लग्नाच्या फोटोत डावीकडे. रोज समोर बसून जेवणारा माणूस, आणि मला सांगता येईना.

"बाबा आले की बघू," मी म्हटलं.

उद्या बघायला ते नसलेच, तर?

कोपऱ्यावरून भाजी आणायला एवढा वेळ लागतो का?