वाडीचा एकच नंबर

एम.एस्सी.ला प्रवेश मिळाल्याचं मी घरी सांगितलं, तेव्हा वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, "फी किती?" मी आकडा सांगितला. ते उठले आणि गोठ्यात जाऊन उगाच दावी सोडबांध करत बसले. आई म्हणाली, "पोरगी पुढं शिकते हाये, तोंड तरी गोड कर." पण साखरेचा डबा काही कोणी काढला नाही.

आमची वाडी धसईच्याही पुढे, सिद्धगडाच्या डोंगराला टेकलेली. बी.एस्सी. मी शहापूरच्या वसतिगृहात राहून केलं होतं. आता कॉलेज होतं कल्याणला, आणि एका वर्षाची फी एवढी, की तेवढे पैसे आमच्या घरात एकगठ्ठा कधी कोणी पाहिले नव्हते.

आधी कर्जाचा रस्ता धरला. मुरबाडच्या एका बँकेतले साहेब फार गोड बोलले. गोड बोलून नकार देणाऱ्यांचा मला जास्त राग येतो, कारण त्यांच्याशी भांडता येत नाही. त्यांनी सातबारा मागितला. सातबारावर वडिलांच्या बरोबरीने माझ्या थोरल्या काकांचं नाव. म्हणजे सही दोघांची.

"मग नको कर्ज," वडील तिथल्या तिथे म्हणाले.

माझे वडील आणि थोरले काका सख्खे भाऊ. दोघांच्या शेतांमध्ये एक बांध, बांधावर एक आंबा. काकांच्या भातावर सावली पडते म्हणून त्यांनी न विचारता एक फांदी उतरवली, आणि त्या फांदीपायी दोघांचा चार वर्षं अबोला होता. समोरासमोर आले तर दोघंही डोंगराकडे बघायचे. आमच्याकडे डोंगराला तोटा नाही.

येताना एसटीत वडील म्हणाले, "तू ती स्कॉलरशिपच घे. त्यात त्याचं तोंड बघायला नको." मला ते पटलं. आमच्यासारख्यांसाठी सरकारची योजना होती, ती मंजूर झाली तर फी भरायचीच नव्हती. कॉलेजची अट एवढीच होती, की ऑनलाइन फॉर्म भरून त्याची प्रत ठरल्या दिवशी पाच वाजेपर्यंत त्यांना पोचली पाहिजे. नाहीतर पूर्ण फी भरा, नाहीतर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला जागा द्या.

उत्पन्नाचा दाखला हातात पडला तो बरोबर त्या शेवटच्या दिवशी. चूक आमचीच. आवणीच्या दिवसांत, म्हणजे भाताची रोपं लावायच्या घाईत, दाखल्याचा अर्ज वेळेत करायला घरातल्या कोणाला फुरसत मिळाली नव्हती, आणि मीही महिनाभर चिखलातच उभी होते. सकाळी मुरबाडला दाखला घेतला, तशीच शहापूरची गाडी पकडली. तिथे एक ताई कॉम्प्युटरवर फॉर्म भरून द्यायच्या. माझी तीन वर्षांची सगळी कागदपत्रं त्यांच्याकडेच होती. पोचले तेव्हा अडीच वाजले होते.

ताईंनी आधार नंबर टाकला आणि अंगठ्याचं मशीन पुढे केलं. मी अंगठा ठेवला. मशीनने नाही म्हटलं. पुसून ठेवला, दुसरा ठेवला, दहाही बोटं झाली.

"आवणी केलीस का?" ताईंनी विचारलं.

मी हात बघितले. बोटांची टोकं चिखलपाण्याने पांढरी पडून सोलली होती. त्यांच्यावर एक रेघ शिल्लक असेल तर शपथ.

"असू दे. मोबाइलवर ओटीपी मागवू," म्हणत त्यांनी बटण दाबलंसुद्धा. माझा फोन गप्प. त्यांनी पुन्हा दाबलं. तेव्हा कुठे मी स्क्रीनकडे नीट पाहिलं. ज्या मोबाइलवर ओटीपी गेला होता, त्याचे शेवटचे आकडे तिथे दिसत होते. ते माझे नव्हते. पण ते मला पाठ होते. आमच्या वाडीत ते सगळ्यांनाच पाठ होते.

फार वर्षांपूर्वी वाडीच्या शाळेत आधारचं शिबिर झालं होतं. फॉर्ममध्ये मोबाइल नंबराची जागा होती आणि अख्ख्या वाडीत मोबाइल होता एकाकडे, थोरल्या काकांकडे. म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पाळण्यातल्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या फॉर्मवर तोच नंबर पडला. कोणाला काही वावगं वाटलं नाही. विहीर एक, देऊळ एक, तसा नंबर एक. पुढे घरोघर फोन आले, पण आधारवरचा नंबर बदलायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आजवर अंगठ्यावरच भागत आलं होतं. आणि मी म्हणे पदवीधर!

"तीनदाच मागवता येतो," ताई म्हणाल्या. "दोन गेले. तिसरा चुकला तर उद्याशिवाय नाही."

काकांना फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. लागणार कसा? वाडीत रेंज फक्त वरच्या पाण्याच्या टाकीजवळ, आणि काका खाली शेतात आवणीला. वडील मात्र भेंडी घेऊन धसईच्या बाजारात गेले होते. त्यांचा फोन लागला.

"बाबा, घरी जा. थोरल्या काकांना टाकीवर पाठव. माझा ओटीपी त्यांच्या फोनवर जातोय."

"तुझा त्याच्या फोनवर कशाला जातोय?"

"तूच दिला होतास नंबर. आधारच्या टायमाला."



"अंगठा लाव ना मग."

"लावला. उमटत नाय."

"दुसरं कायतरी बघ. मी त्याच्या दारात नाय जायचा."

माझी जीभ मुळातच तिखट. "नको जाऊस," मी म्हटलं. "त्या आंब्यालाच पाठव एम.एस्सी.ला. त्याचीच तुला जास्त काळजी."

फोन कट झाला. त्यांनी केला की रेंज गेली, कळायला मार्ग नव्हता. पुन्हा लावला, लागला नाही. म्हणजे ते जीपमध्ये बसून वाडीकडे निघाले होते, की रागाने फोन बंद करून भेंडीच्या पाटीशेजारी बसले होते? आयुष्यातली दोन वर्षं त्या एका उत्तरावर होती आणि उत्तर विचारायला कोणी नव्हतं.

साडेतीन झाले. ताईंनी चहा मागवला, माझा तसाच गार झाला. मध्ये एक बाई दाखल्याची प्रत काढायला आल्या, एक माणूस वीजबिल भरून गेला. मी खुर्ची सोडली नाही. मनातल्या मनात वडिलांना शिव्या घालत होते आणि त्याच वेळी देवाला म्हणत होते, एवढ्या वेळेला त्यांना चांगली बुद्धी दे. चारनंतर शिव्या संपल्या, नुसती भीती उरली.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी फोन वाजला. तोच नंबर.

"हां, बोल गो." काकांना धाप लागली होती. "टाकीवर हाये. दोन मेसेज आलेत. पयला वाचू का दुसरा?"

"दोन्ही गेले ते, काका. आता तिसरा येईल, तोच वाचा. थांबा."

ताईंनी बटण दाबलं. काकांनी एक एक आकडा गाळातून दगड काढावा तसा काढून दिला. मी मोठ्याने म्हणत होते, ताई टाइप करत होत्या. पाच आकडे झाले आणि फोन बंद.

जागा सहा आकड्यांची. मी लगेच फोन लावला. व्यस्त. पुन्हा व्यस्त.

"ठेव तो फोन खाली," ताई ओरडल्या. "तूही लावतेस, तेही लावतायत. कसा लागणार?"

मी फोन टेबलावर ठेवला आणि हात मांडीखाली दाबून बसले. स्क्रीनवर सेकंद उलटे पळत होते. त्या मिनिटाएवढं लांब मिनिट मी पुन्हा पाहिलेलं नाही. अखेर फोन वाजला.

"झालं का गो काम?" काकांचा आवाज निवांत होता. "तू परत कशाला लावतेस?"

"काका, पाचच आकडे झाले! सहावा कुठाय?"

"ते शेवटाला नुस्तं शून्य हाये. म्हटलं, त्याचं काय सांगायचं."

ताईंनी शून्य दाबलं. फॉर्म उघडला. पाचला आठ मिनिटं असताना प्रत ईमेलने कॉलेजला गेली, आणि मी ताईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मोठ्याने, लाज न बाळगता. काकांचे आभार मानायचे राहूनच गेले.

घरी गेल्यावर आईने सगळं सांगितलं. वडील धसईहून जीपने आले, अर्धी भेंडी तशीच परत आणली. बांधावर जाऊन उभे राहिले. काका चार हातांवर रोपं लावत होते. पण वडील बोलले ते काकूशी, "वहिनी, त्याला सांगा, पोरीचा नंबर आलाय त्याच्या फोनात." काका ताठ झाले, तेही काकूलाच म्हणाले, "त्याला इचार, कंदी आलाय." मध्ये काकू चिखलात उभी, आणि दोघं सख्खे भाऊ तिच्या तोंडून बोलतायत. सगळं कळल्यावर काकांनी हातातली रोपांची मूठ टाकली आणि चिखलाच्या पायांनी टाकीपर्यंत पळत गेले. वडील त्यांच्या मागे गेले नाहीत. बांधावरच उभे राहिले, काका खाली परत येईपर्यंत.

मी वडिलांना म्हटलं, "फोनवर मी जास्तच बोलले." ते म्हणाले, "खरंच बोललीस." आणि पुन्हा गोठ्यात गेले.

स्कॉलरशिप मंजूर झाली. वर्षभरात आधारवरचा नंबर बदलायला मला हवा तेवढा वेळ होता. मुरबाडच्या केंद्रासमोरून मी कितीतरी वेळा गेले. एकदा रांगेतही उभी राहिले, आणि माझ्यापुढे दोनच माणसं उरली तेव्हा रांग सोडून निघून आले.

दुसऱ्या वर्षी फॉर्म पुन्हा भरायचा होता. मी शेवटच्या तारखेची वाट पाहिली नाही, एवढी अक्कल आली होती. पण अंगठ्याचं मशीन चालू असतानाही ओटीपीच मागवला. आदल्या दिवशी काकांसाठीचा निरोप फोनवर वडिलांकडेच दिला तेव्हा ते वैतागले, "अजून बदलला नाय का तो नंबर?"

"रांग लय मोठी असते, बाबा."

ठरल्या वेळी काकांचा फोन आला. आता मी जाणूनबुजून उघड्या विहिरीच्या काठावर उभी होते. काका आकडे वाचू लागले आणि त्यांच्या आवाजामागून, अगदी फोनजवळून, दुसरा आवाज आला, "दादा, हळू वाच जरा. ती तिकडं लिवून घेते हाये."

मध्ये काकू नव्हती. आकडे मला सगळे नीट कळले होते. तरी मी म्हटलं, "काका, ऐकू नाय आलं. परत सांगा."