डाव्या बाजूची जाळी

हे मी आजवर कुणापाशीच बोललेली नाही. मैत्रिणींपाशी नाही, नानांपाशी नाही, मायपाशी तर मुळीच नाही. आमच्या खानदेशी घरांत श्रावणातल्या एका रविवारी कानबाई देवी बसते, तिच्यापुढे हात जोडतानाही मी नेमका हाच विषय टाळते. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटतंय. बघू.

पण आधी थोडी फुशारकी मारू द्या, तो माझा स्वभावच आहे. सुरतमध्ये, बमरोलीला, आमच्या अख्ख्या सोसायटीत गेअरची मोटारसायकल घेणारी पहिली मुलगी मी. माझ्या वडिलांनी, नानांनी, मागाच्या कारखान्यात उभं राहून जन्म काढला. माय घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायची. आणि मी सुरतजवळच्या सचिन गावातल्या एका मिलमध्ये कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढते. रोज शेअर रिक्षात कोंबून जायचा वैताग आला तेव्हा मी गाडी घ्यायचं जाहीर केलं. स्कूटर घे, असं नाना म्हणाले. स्कूटरच घे, असं शेजारी म्हणाले. शोरूममधल्या पोरानं तर न विचारताच मला स्कूटरच्या रांगेकडे नेलं. मी तिथून वळले आणि मोटारसायकलींकडे चालत गेले. त्या चालण्याचा मला आजही अभिमान आहे — का नसावा?

आणि गाडी मी डोळे मिटून निवडली नाही, हं. जिच्यावर जीव जडला होता ती मोठी गाडी स्टँडवरून काढून पाहिली, तर माझ्याच अंगावर यायला लागली. तिच्यावर बसल्यावर पायांचे अंगठेच काय ते जमिनीला टेकत होते. नवशिक्याला हे चालत नाही. म्हणून मी तिच्याहून लहान, हलकी, दोन्ही टाचा जमिनीवर पुरत्या टेकतील अशी काळी गाडी घेतली. मन मारून घेतली, पण अक्कल वापरून घेतली. आज सोसायटीतल्या मुली पहिली गाडी घ्यायला निघाल्या की मला सोबत नेतात. मी त्यांना सांगते — आधी टाचा बघा, मग वजन बघा, रंग शेवटी. एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगत नाही. जाळीची.

साडी गार्ड म्हणतात तिला. मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला सळ्यांची जाळी असते, मागे एका अंगानं बसणाऱ्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून. खाली पाय ठेवायला पट्टी असते. शोरूममध्ये माय सगळा वेळ माझ्या मागे उभी होती. गाडीतलं तिला काय कळणार, असं तिलाही वाटत होतं आणि — खरं सांगते — मलाही. पण त्या जाळीवर हात ठेवून तिनं विचारलं, “हाई मनासाठे शे का?” त्या पोरानं हसून सांगितलं, “हां मासी, आपके लिए ही है.” मायचा चेहरा असा फुलला की काय सांगू. माझ्या गाडीत तिच्यासाठी काहीतरी होतं, कंपनीनंच बसवून दिलेलं.

ती जाळी मी आठवड्याभरात काढून टाकली.

का? दिसायला बरी नव्हती म्हणून. दुसरं काही कारण नाही. मिलच्या पार्किंगमध्ये सगळ्या पोरांच्या गाड्यांना जाळी नव्हती, माझ्याच गाडीला होती. एकानं म्हटलं, “मम्मीची गाडी लावलीय का?” झालं. एवढं मला पुरलं. जवळच्याच उधन्याच्या गॅरेजात दोन बोल्ट काढून घेतले. खालची पट्टी तेवढी राहू दिली, ती फारशी दिसत नव्हती. जाळी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकली. साड्या विकणाऱ्या शहरात, साड्यांच्या डिझाइनवर पगार घेणाऱ्या मुलीनं साडीवालीची जाळी काढली — आणि दुकानाच्या काचेत बघून गाडी काय भारी दिसते म्हणाली.

मग कानबाईचा रविवार आला. आमच्या भाऊबंदांची कानबाई उधन्याला काकूच्या घरी बसते. सोमवारी सकाळी विसर्जनाला निघताना तिचा पाट डोक्यावर घ्यायचा मान मायचा होता. त्या मानासाठी ती वर्षभर जगायची म्हटलं तरी चालेल. पक्कं लायसन्स नुकतंच माझ्या हातात आलं होतं. रिक्षा कशाला, मी नेते, असं मीच म्हटलं. मायनं माझ्या डिझाइनची साडी नेसली होती, मिलमध्ये छापली गेलेली माझी पहिली. जॉर्जेटची, सुळसुळीत. माझ्या गाडीवर माझी साडी नेसलेली माझी माय — सोसायटीच्या गेटातून बाहेर पडताना मला आभाळ ठेंगणं झालं होतं. जाळीची आठवण झाली का? झाली. पट्टीवर पाय ठेवून ती बसली तेव्हाच झाली. पाच मिनिटांचा तर रस्ता, असं मनात आलं आणि मी गेअर टाकला.

पदर चाकात गेला. गाडी जागच्या जागी अडकली, माय उजव्या खांद्यावर पडली. मला खरचटलंसुद्धा नाही. रस्त्यावर पडल्या पडल्या तिनं पहिलं काय विचारलं असेल? “तुले लागनं का?”

दवाखान्यात नाना आले. ते बाहेर गाडी बघूनच आत आले होते. तिच्या खाटेशी उभं राहून त्यांनी विचारलं, जाळी कुठे गेली? मी म्हटलं — पडलो तेव्हा तुटली.

एवढं सहज आलं तोंडातून. आधी ठरवलेलंही नव्हतं. मायनं माझ्याकडे पाहिलं. मग नानांकडे तोंड करून म्हणाली, “मना पदरच सैल व्हता.”

मला हायसं वाटलं. हे सांगायला मी इतकी वर्षं घाबरत होते — की मला तेव्हा वाईट वाटलं नाही, हायसं वाटलं.

मग सगळेच तेच म्हणायला लागले. जाळी असूनही पदर चाकात जातो म्हणजे बाई किती वेंधळी! काकू चारचौघांत म्हणाली, जिला स्वतःचा पदर आवरत नाही ती कानबाई काय सावरणार? मी तिथेच होते. पाण्याचे पेले भरत होते. तो खांदा पुढे कधी नीट झालाच नाही, हात कानाच्या वर जात नाही. पाटाचा मान काकूकडे गेला तो गेलाच. विसर्जनाला माय आता मागे चालते. आणि सोसायटीत कुणीही गाडीवर बसायला निघाली की तिला थांबवून सांगते, पदर खोच गं बाई, माझी चूक झाली ती तू करू नको. त्याच दमात, छाती काढून, माझी पोर गाडी कशी चालवते तेही सांगते.

गेल्या महिन्यात शेजारच्या कोमलला गाडी घ्यायची होती. अर्थात मलाच बोलावलं. मी माझ्या गाडीवर पुढे गेले — आता ती मोठी गाडी आहे माझ्याकडे, तीच, जीव जडलेली — आणि कोमल, तिची आई आणि माय रिक्षानं आल्या. माय माझ्या मागे पुन्हा कधी बसलेली नाही. मी कोमलला टाचा टेकवून दाखवायला लावल्या, गाडी स्टँडवरून काढायला लावली. शोरूमवाला मला मॅडम, मॅडम करत होता. मग कोमल जाळीकडे बघून म्हणाली, “ताई, हे काढून टाकू ना? कसंतरीच दिसतंय.”

मी काही बोलायच्या आत माय पुढे झाली. डावा हात जाळीवर ठेवला. “हाई राहू दे,” ती म्हणाली. “आते तरी काढू नको.”

‘आता तरी’ — हे कोमलकडे बघून नाही. माझ्याकडे बघून.

म्हणजे तिला माहीत होतं. कधीपासून? दवाखान्यात मी खोटं बोलले तेव्हापासून? की त्या रविवारी पट्टीवर पाय ठेवतानाच तिनं पाहिलं होतं — आणि पोरीची गाडी आहे म्हणून तरीही बसली होती?

कोमलनं विचारलं, का गं मावशी? माय तिच्याकडे वळली आणि नेहमीचंच सांगायला लागली. तिचा पदर कसा सैल होता. तिची चूक कशी झाली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी हातभर अंतरावर उभी होते. तोंड उघडायचं तेवढं होतं.

मी शोरूमवाल्याला विचारलं, काळ्या रंगात येते का ही?

निघताना माय रिक्षात चढली. डाव्या हातानं दांडी धरून, हळूहळू. कोमलची आई म्हणाली, तुमच्या पोरीनं नशीब काढलं हो. माय हसली. मी माझी गाडी चालू केली आणि रिक्षाच्या पुढे निघून गेले.