उघडझाप करणारी रेघ

काशीमिऱ्याला एका गोदाम कंपनीत मी कॉम्प्युटरवाला आहे. पन्नासेक माणसांचे लॅपटॉप, प्रिंटर आणि विसरलेले पासवर्ड माझ्या गळ्यात असतात. दिवसभर मी सगळ्यांना गोड आवाजात "बघतो सर, करतो मॅडम" म्हणत असतो. घरी पोचेपर्यंत हा गोडवा संपलेला असतो.

राई गावातल्या आमच्या मंडळाने देवळाच्या वर्धापनदिनाला स्मरणिका काढायचं ठरवलं. मिठागरांवर कोण लिहिणार म्हटल्यावर सगळ्यांनी बाबांकडे बोट दाखवलं. बाबा लहानपणी मिठागरात राबले, पुढे कारकुनी करून निवृत्त झाले. मिठागर हे त्यांच्यासाठी निमित्त होतं. त्यांना लिहायचं होतं त्यांच्या आईबद्दल. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन ती बांधावरून दिवसभर फेऱ्या घालायची, आणि तिचा एकही फोटो आमच्या घरात नाही. "तिचा नाव कुठं तरी छापून आला पायजे," असं ते मला दोनदा तरी म्हणाले.

हात थरथरतो म्हणून कागदावर लिहिणं त्यांनी सोडलं होतं. मी माझा जुना लॅपटॉप दिला. एका बोटाने का होईना, मराठी टाइप करायला ते आठवड्याभरात शिकले. घोडं अडलं ते कर्सरवर.

"ती रेघ सारखी उघडझाप करते हाय," एका संध्याकाळी ते म्हणाले. "मुकादम डोक्यावर उभा असल्यासारखा वाटते. मना काय सुचत न्हाय. बंद कर ना ती."

मी जेवत होतो आणि डाव्या हातात फोन होता. मान वर न करता म्हणालो, "बाबा, ते तसंच असतं. बंद होत नाही. सवय करा."

बंद होतं की नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. शोधायचा कंटाळा आला होता, एवढंच. ऑफिसात "माहीत नाही, बघून सांगतो" हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणतो. बापाला म्हणताना मात्र मला कमीपणा वाटला.

बाबांनी मग स्वतःच तोड काढली. आधी चिकटपट्टीचा तुकडा लावून पाहिला, पण अक्षर उमटलं की रेघ पुढे सरकायची. शेवटी एका जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी कापली. डाव्या हाताने ती पट्टी स्क्रीनवर धरायची, रेघ झाकायची, उजव्या हाताच्या बोटाने टाइप करायचं, आणि चार शब्द झाले की पट्टी उचलून बघायचं. पट्टीवर अर्धा गणपती होता. मला हसू आवरेना. मी मागून फोटो काढला आणि 'बाबांचं नवं टेक्निक' असं लिहून फॅमिली ग्रुपवर टाकला. भराभर हसरे चेहरे आले.

त्या ग्रुपमध्ये बाबाही आहेत, हे मला रात्री जेवताना आठवलं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप बंद करून कपाटावर ठेवलेला दिसला, आणि पट्टी केराच्या डब्यात. "डोळं दुखतान," एवढंच आईला म्हणाले. महिना गेला. मला कळत होतं, आणि मी कळत नसल्यासारखा वागलो.

मग एक दिवस ऑफिसात आमच्या ट्रान्सपोर्ट मॅनेजरने बोलावलं. "यार, ये लाइन आँख के सामने नाचती रहती है. सर दुखता है. बंद होगी क्या?"

"एक मिनिट, सर."

नेटवर शोधलं, आणि खरोखर एकच मिनिट लागलं. कंट्रोल पॅनेल, कीबोर्ड, त्यात एक सरकपट्टी, ती एका टोकाला ओढली की रेघ निमूट उभी राहते. टॅबवर हीच सोय वेगळ्या जागी असते, काही फोनवर नसतेच, हेही मी साहेबांना न विचारता सांगितलं. साहेब खूश झाले. मला मात्र बाबांचा थरथरता डावा हात दिसायला लागला, आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

घरी येऊन चप्पल काढायच्या आधी लॅपटॉप कपाटावरून उतरवला. बाबा शेजारी येऊन उभे राहिले. रेघ स्थिर झाल्यावर त्यांनी एका बोटाने एक अक्षर उमटवून पाहिलं.

"ह्या पयल्यापासून व्हता काय यात?"

हो म्हणायचं होतं. "माझी चूक झाली" म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "नाही बाबा, नवीन अपडेट आलंय. लई शोधाशोध केली, तेव्हा सापडलं."

"बगा," ते आईला म्हणाले, "पोरगा माजा मागं लागला व्हता त्याच्या."

लेख द्यायला चार दिवस उरले होते. बाबा कारकुनाच्या शिस्तीने लिहिणारे. आधी बांध, मग भरतीचं पाणी, मग मीठ कसं धरतं. त्यांची आई शेवटी येणार होती. चौथ्या दिवशी मंडळाचा माणूस दारात आला तेव्हा दीड पान झालं होतं. बाबांनी घाईघाईने शेवट केला आणि फाइल दिली. मी तो वाचला नव्हता.

स्मरणिका छापून आली. बाबांनी लेखाचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. मी सरळ शेवटाकडे गेलो. आजीवर एकच वाक्य होतं: 'माझी आई याच मिठागरात पाटी वाहायची.' नाव लिहायचं घाईत राहून गेलं होतं.

त्याखाली तीन ओळी माझ्यावर होत्या. माझ्या नावासकट. संगणकातला एक दोष दूर करण्यासाठी मुलाने महिनाभर खटपट केली, त्याच्यामुळेच हा लेख पूर्ण झाला, असं छापलं होतं.

"नीट लिवलाय ना तुझ्याबद्दल?" बाबांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी ऑफिसात दाखवायला म्हणून आणखी एक प्रत माझ्या बॅगेत घातली. "तुझ्या सायबाला दे," म्हणाले.