वणीच्या घाटातली ट्रायल

मंगळवारी दुपारी जेवून पेपर घेऊन बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे आमचा गॅरेजवाला दौलत... "मॅडम, तुमची गाडी बंद पडली."

गाडी इंजिनच्या कामासाठी त्याच्याच मखमलाबाद नाक्यावरच्या गॅरेजमध्ये दिलेली. म्हटलं, "अरे, गाडी तुझ्याकडे आहे. बंद पडली म्हणजे कुठे?" तर म्हणाला, "वणीच्या घाटात."

ही मी बँकेतून रिटायर झाले त्या वर्षीची गोष्ट. मोबाईल तेव्हा सगळ्यांकडे नव्हते, दौलत घाटाखालच्या नांदुरीतून एसटीडी बूथवरून बोलत होता. परवा नातीने विचारलं, गॅरेजवाल्याने टेस्टिंगला नेलेली गाडी बंद पडली तर जबाबदार कोण... आणि मला तो फोन जसाच्या तसा आठवला.

इंजिनचं काम केलेली गाडी घाट चढवल्याशिवाय मालकाला द्यायची नाही, असा दौलतचा नियम. घाट चढवायचा तर गाडीत लोड पाहिजे. लोड म्हणजे त्याची आई, बायको, मेहुणी आणि डिकीत देवीसाठी मळ्यातल्या झेंडूची मोठी पाटी! इथे शहरातच गंगापूर रोडला एक चक्कर मारून भागलं नसतं का? पण मंगळवार देवीचा, आणि गाडी आयती हाताशी.

संध्याकाळी टेम्पोच्या मागे दोर बांधून गाडी परत आली. मी गॅरेजमध्ये हजर. दौलत म्हणाला, "पाणी उकळलं, रेडिएटरचं झाकण उडून गेलं. गाडी म्हातारी झाली मॅडम, आता तिला प्रेशर सहन होत नाही."

बोलत होता गाडीबद्दल, बघत होता माझ्याकडे.

मला सगळ्यात जास्त तेच झोंबलं. पुण्याहून मुलगा रविवारी यायचा होता, गाडी विकण्याचं पक्कं करायला. "आई, या वयात कशाला ड्रायव्हिंग?" हे त्याचं पालुपद. त्यात खुद्द मेकॅनिकनेच गाडीला म्हातारी म्हटल्यावर माझी गाडी गेल्यातच जमा! माझ्या पगारातून घेतलेली, मीच शिकून मीच चालवलेली गाडी...

दौलतला म्हटलं, "आमच्या कॉन्व्हेंटमध्ये ज्याच्या हातात असताना वस्तू मोडली, त्याने हात वर करायचा असा नियम होता. तू कर."

"झाकण उडालं त्याला मी काय करू?" तो म्हणाला. हात काही वर झाला नाही. इंजिन मात्र त्याने पुन्हा खोललं, आणि खोलताना माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

शुक्रवारी सकाळी दारात त्याची आई. नऊवारी, डोक्यावर फुलांची रिकामी पाटी, हातात लाल पिशवी. बाजारात फुलं देऊन मावशी तशाच आल्या होत्या.

"बाई, परसाद घ्या. दर्शन नाय झालं, अर्ध्या घाटातून माघारी आलो. पर खाली नांदुरीत नारळ फोडला व्हता."

पिशवीतून खोबरं निघालं, कुंकू निघालं, सुकलेला झेंडू निघाला. आणि मग एक गोल, जड, गंजलेलं झाकण.

"ह्ये मला कुंकवाच्या डबीचं वाटलं. आज पिशवी झटकली तवा निघालं, डबीला काय बसंना. तुमच्या गाडीचं हाय का?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. घाट चढायच्या आधी दौलतने रेडिएटरमध्ये पाणी भरलं आणि झाकण ठेवलं ते थेट आईच्या पूजेच्या ताटात! मावशींनी गाडीला कुंकू लावलं, नारळ फोडला, ताटातलं सगळं पिशवीत भरलं आणि "चल लवकर, ऊन व्हतंय" म्हणाल्या. आज्ञाधारक मुलाने बोनेट आपटलं आणि बिनझाकणाची गाडी घेऊन निघाला.

मी विचारलं, "दौलतला दाखवलं?"

"नाय. तो लय ताठ हाय. म्हणलं, ज्याची वस्तू त्याला आधी."

मी त्यांना चहा पाजला आणि रिक्षाने गॅरेजमध्ये घेऊन गेले. वाटेत दौलतसाठी मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत चांगलं तिखट भाषण तयार केलं होतं. पण मावशींनीच झाकण त्याच्या हातावर ठेवलं. "चूक माझी हाय. बाईंच्या गाडीला नावं ठेवू नको."

दौलतचे कान लाल झाले. "तू गप गं आई. झाकण तुझ्या ताटात मी ठेवलं, बोनेट मी लावलं." जबाबदारी ढकलणारे आयुष्यभर पाहिले होते... ती आपल्याकडे ओढून घेण्यासाठी भांडणारे मायलेक मी पहिल्यांदाच पाहत होते. भाषण गिळलं. एवढंच म्हटलं, "हेच रविवारी माझ्या मुलासमोर बोल."

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आईसकट आला. "दादा, गाडी ठणठणीत आहे. खोट माझ्या कामात होती."

मुलगा म्हणाला, "पण पुन्हा ट्रायल कुठे घेतली?"

"ती मी घेणार," म्हटलं. मावशींना पुढे बसवलं, दौलत आणि मुलगा मागे. नांदुरीला नारळ फुटला, पण बोनेटला मी कुणाला हात लावू दिला नाही. पुढे प्रत्येक वळणावर दौलत मागच्या सीटवरून नसलेला ब्रेक दाबत होता. गाडी एका दमात वर गेली.

मावशींना हाताला धरून पायऱ्या चढवल्या त्या माझ्या मुलाने. परतीच्या वाटेवर गाडी विकायचा विषय त्याने काढला नाही, नंतरही कधी नाही.

नातीला म्हटलं, कायदा वकिलाला विचार. मला इतकंच माहीत आहे, की गाडी गॅरेजमधून आली की मी आजही आधी ते झाकण बघते... आणि मावशींना मनातल्या मनात नमस्कार करते.