पँटच्या आतली शिवण

थोरले गेले ते दुकानातच, दुपारचं जेवण झाल्यावर. एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही बेतत होते. तोंडात टाचण्या होत्या. मध्येच थांबले, टाचण्या एकेक करून तळहातावर काढल्या, टेबलावर नीट ठेवल्या आणि तिथंच खाली बसले. स्वभावाने थट्टेखोर माणूस, त्यामुळे आम्हाला आधी वाटलं की काहीतरी गंमत चाललीय. गिऱ्हाईकही एका बाहीचा कोट घालून हसत उभं राहिलं. हसू थांबलं तोवर सगळं आटोपलं होतं.

त्यांच्या पाठचा भाऊ म्हणजे आमचे मास्तर. हे जे लिहितोय ते मास्तरांबद्दल. मी त्यांच्या दुकानात इस्त्री करायचो. लिहिण्याची मला सवय नाही, तेव्हा कुठे सुरकुती राहिली तर सांभाळून घ्यावं.

दुकान लांबट होतं. पुढे काच आणि मापं घ्यायची जागा, मधे दोन मशिनी, मागे माझं टेबल. माझ्या टेबलाच्या बाजूला एक दार, आणि ते उघडलं की वरच्या ऑफिसांना जाणारा जिना. मी तोंडाला कुलूप घालून राखेखाली दबल्यासारखा असायचो म्हणून थोरल्यांनी माझं नाव निखारा ठेवलं होतं. ‘निखाऱ्याला फुंकर घाला रे, विझला की काय बघा,’ म्हणायचे. ते गेल्यावर मास्तर मला त्याच नावाने हाक मारायचे, पण फुंकर घालायला कोणी उरलं नाही.

दोघा भावांचं अंग एकाच ठशातलं. तीच आखूड मान, तसंच पुढे आलेलं पोट. थोरल्यांना नवा कोट शिवायचा असला की मास्तर तो स्वतःच्या अंगावर घालून बघायचे, कारण थोरल्यांना आरशासमोर उभं राहायचा कंटाळा. शेवटपर्यंत दोघांचं माप एकच होतं. त्या वेळी ही आमच्याकडे हसण्याची गोष्ट होती. पुढे तिचीच मास्तरांनी धास्ती घेतली.

सुरुवात चांगलीच झाली, ते कबूल केलं पाहिजे. मास्तरांनी चहातली साखर सोडली. तळलेलं बंद केलं. सकाळी फिरायला जाऊ लागले. वहिनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, मला म्हणाल्या की भाऊ गेल्यावर का होईना, यांचे डोळे उघडले. गिऱ्हाइकं म्हणायची, मास्तर, दहा वर्षांनी तरुण दिसताय, आम्हालाही सांगा काय करता ते. मास्तर माप घेता घेता सांगायचे आणि ऐकणारा पोट आत ओढून उभा राहायचा.

पण कौतुकाने भीती गेली नाही. उलट तिला आणखी खाऊ घातल्यासारखं झालं. साखरेनंतर भात गेला, ब्रेड गेला. फिरण्याचं धावणं झालं. दुपारी काम थोडं सैल पडलं की मास्तर माझ्या बाजूच्या दाराने जिन्यात जायचे. वर जाणारी पावलं ऐकू यायची, मग खाली येणारी, मग पुन्हा वर. इस्त्री थांबवून मी कान देऊन बसायचो. पावलं मधेच थांबली की माझ्याच छातीत काहीतरी थांबायचं. मशीनवर असतानाही त्यांचा डावा हात अधूनमधून कापडावरून उठायचा आणि दोन बोटं मानेवर जाऊन टेकायची, नाडी चाललीय ना ते बघायला. एकदा एक बाई मुलाचे कपडे घ्यायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, मास्तर, मान अवघडली का? मास्तर हो म्हणाले.

डब्याचं मला बरेच दिवस कळलं नाही. वहिनी डबा द्यायच्या, मास्तर तो संध्याकाळी रिकामा परत न्यायचे. मला सांगायचे, आज घरूनच पोटभर जेवून आलोय, डबा वरच्या ऑफिसच्या रखवालदाराला दे, त्याच्या घरी माणसं आहेत. घरी सांगायचे, दुकानात निखाऱ्याबरोबर जेवलो. आम्ही दोघंही बिनघोर होतो, कारण दोघांनाही वाटायचं, दुसरा बघतोय.

चेहरा उतरला होता, ते सगळ्यांना दिसत होतं. पण भाऊ गेलेल्या माणसाचा चेहरा उतरणारच, असं आम्ही म्हणायचो. आणि कपडे तर अंगाला अगदी चोख बसलेले. दुसरा कुणी असता तर पँट कमरेवरून घसरली असती, शर्ट हँगरवर टांगल्यासारखा लोंबला असता आणि चार माणसांनी हटकलं असतं. मास्तरांचं तसं काही नव्हतं. शिंप्याच्या घरी माणसाची तब्येत कपड्यावरून कळते. कपडे घट्ट झाले की सुटलाय, ढिले झाले की वाळलाय. मास्तरांचे कपडे घट्टही नव्हते, ढिलेही नव्हते. बाकीचं आम्ही पाहिलंच नाही.

स्वतःच्या कपड्यांना मास्तर मला इस्त्री करू देत नसत, ते अलीकडे स्वतःच करायचे. एक दिवस त्यांनी आपली करडी पँट माझ्या टेबलावर घेतली आणि तेवढ्यात पुढे एक गिऱ्हाईक आरडाओरडा करत आलं, लग्न तोंडावर आलं आणि कोट तयार नाही म्हणून. मास्तर धावले. इस्त्री तापलेली होती, पँट समोर होती. हात सवयीने चालतात. मी ती उचलली आणि पहिल्यांदा पाहिलं ते मागचे दोन खिसे. कमरेखाली दोन बाजूंना असायला हवेत ते खिसे एकमेकांना टेकायला आले होते.

मी पँट उलटी केली. मागच्या शिवणीत कापडाच्या घड्या होत्या, एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी. प्रत्येक घडीवर टिपेची वेगळी ओळ. मास्तर जसजसे आटत गेले तसतशी त्यांनी थोडीथोडी पँट आत घेतली होती. जादा कापड मात्र कुठेही कापलेलं नव्हतं. इस्त्री त्यावर सपाट बसेना. खुंटीवरचा त्यांचा कोट काढून बघितला, तर खांद्यात गिऱ्हाइकांना घालतो त्याच्या दुप्पट जाड गाद्या होत्या.

त्या टेबलावर मला एक माणूस दिसला, अर्धा घडी करून ठेवलेला.

गिऱ्हाईक गेल्यावर मास्तर मागे आले. पँट मी तशीच ठेवली होती.

“उलटी का ठेवलीस?”

“सुलटी बघून कळत नव्हतं म्हणून.”

त्यांनी पँट ओढून घेतली. रागावतील असं वाटलं, पण ते दाराशेजारच्या स्टुलावर बसले आणि किती तरी वेळ पँटची घडीच घालत राहिले.

“ज्या मापाचा दादा गेला, त्याच मापाचा मी होतो,” ते म्हणाले. “त्या मापात मला राहायचं नाही, निखाऱ्या. खाल्लं की वाटतं, झालं, आता दादासारखं होणार. नाही खाल्लं तरी भीती वाटतेच. पण निदान काहीतरी करतोय असं वाटतं.”

मग कापड कापलं का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, कात्री घेतली होती, हात झाला नाही. आणि मला बजावलं की वहिनींच्या कानावर यातलं काही जाता कामा नये, नाहीतर ती घास घेऊन मागे लागेल आणि तिच्या घासानेच मी मरेन.

थोरले ज्या वयात गेले, ते वय मास्तर त्या वर्षी गाठणार होते. मधे थोडेच आठवडे उरले होते. ते दिवस मी कसे काढले ते माझं मलाच ठाऊक. मालकाला नोकराने काय सांगावं, आणि तेही माझ्यासारख्याने? सकाळी दुकानाशी पोचलो की मी आधी त्यांचे पाय बघायचो, बूट घातलेले, उभे असलेले. ते दिसले की श्वास सुटायचा. उकडलेलं अंडं सोलून त्यांच्या मशीनजवळ ठेवायचो, संध्याकाळी ते तिथंच असायचं, सुकून पिवळं पडलेलं.

मग एका दुपारी पावलं थांबली. वर जाणारी पावलं, अर्ध्या जिन्यात. मी वाट पाहिली. खाली येणारी ऐकू येईनात. दार उघडून वर पळालो तर मास्तर पायरीवर बसलेले, कठडा दोन्ही हातांनी धरलेला, ओठ पांढरे. घाम फुटला होता. “दादासारखंच झालं बघ,” म्हणाले. मी त्यांना उचललं. मी काही पैलवान नाही, दिवसभर इस्त्री ढकलून हातात थोडी ताकद होती इतकंच. पण ते उचलले गेले, सहज, आणि त्या सहजपणानेच मी हादरलो.

जवळच्या दवाखान्यात नेलं. वहिनींना निरोप गेला होता, त्या आमच्या मागोमाग आल्या. आत डॉक्टरीणबाई तपासत होत्या. छातीला वायरी लावल्या होत्या आणि यंत्रातून कागदाची पट्टी सरकत येत होती. मी भिंतीला टेकून ती पट्टी बघत होतो, तिच्यावरचं अक्षर न कळता. बाईंनी वहिनींना विचारलं, हे किती दिवसांपासून इतके वाळतायत?

वहिनी म्हणाल्या, “वाळलेत कुठे? कपडे तर बरोबर बसतायत यांना.”

मास्तरांनी डोळे मिटले. खोलीत खरं सांगू शकेल असं मला सोडून कुणी नव्हतं. जन्मात मी बायकांसमोर चार शब्द धड बोललो नव्हतो.

“वहिनी,” मी म्हणालो, “कपडे ते स्वतःच लहान करतायत.”

त्यांना आधी कळलंच नाही. मग बाईंनी मास्तरांच्या अंगावरचा कोट काढला, खाली शर्ट उघडा होताच, आणि वहिनींनी नवऱ्याच्या बरगड्या पाहिल्या. त्या रडल्या नाहीत. कोट हातात घेऊन खांद्यातली गादी चाचपत राहिल्या, पुन्हा पुन्हा. मग हळूच म्हणाल्या, “मी डबा भरत होते ना रोज.”

कागद वाचून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की झटका वगैरे काही नाही. अंगात अन्न नाही आणि वर जिने चढणं, त्याने चक्कर आली. असंच चालू राहिलं तर मात्र भाऊ जिथे गेला तिथेच, फक्त उलट्या वाटेने पोचाल. मास्तरांनी विचारलं, म्हणजे माझी भीती खोटी? मला वाटलं, बाई हो म्हणतील. त्या म्हणाल्या, “खोटी नाही. भाऊ असा गेला म्हणजे तुम्ही जपायलाच हवं. रक्तदाब बघत राहू, तपासण्या करू, तो माझा भाग. पण भीतीला जेवणाच्या ताटावर बसवू नका. जेवा, थोडं सगळंच जेवा. चाला, पण बरोबर असणाऱ्याशी बोलता येईल इतकंच. आणि जे वाटतं ते घरात बोला.”

ऐकायला सोपं होतं. मास्तरांच्या तोंडात पहिला घास गेला तेव्हा बघणाऱ्याला वाटलं असतं, कोणी त्यांना विष चारतंय. वहिनी आता डबा देत नव्हत्या, स्वतः घेऊन यायच्या. माझ्या टेबलावरचं इस्त्रीचं जाड कापड दुमडून आम्ही तिघं तिथंच जेवायचो. भात, भाजी, कधी माशाचा तुकडा, एखादं फळ. भात बघितला की मास्तर आधी पाण्याचा पेला ओढायचे. वहिनी मागे लागत नसत. त्या स्वतःचं जेवत राहायच्या आणि शेजारच्या बाईच्या भांडणाचं काहीतरी सांगायच्या. एकदा मास्तर निम्म्यातच हात धुवायला उठले, तेव्हा त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “भावजी, तुम्ही तरी जेवा नीट. एकाच्या पँटला दुकानातला दोरा संपला, दुसऱ्याचं कोण शिवणार?” मास्तर पाठमोरे होते. त्यांची पाठ हलली. हसले की काय, ते सांगता येणार नाही. पण परत येऊन बसले.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर चालायला जाऊ लागलो. माझे गुडघे तेव्हापासूनच कुरकुरतात, त्यामुळे त्यांना माझ्यासाठी हळू चालावं लागे. त्या चालण्यात ते बोलायचे. थोरल्यांना कधीपासून दम लागायचा, ते कसं लपवायचे आणि छातीत जळजळतंय म्हणून सोडा पिऊन कसे गप्प बसायचे, ते. एकदा म्हणाले, “दादा डॉक्टरकडे जायला घाबरला, मी जेवायला घाबरलो. आमचं तिथंही माप एकच.”

मास्तरांचं वय थोरल्यांइतकं भरण्याचा दिवस आला, त्या दिवशी मास्तर दुकानात आले नाहीत. दुपार उलटली तरी नाहीत. मी इस्त्री गरम करायचो आणि थंड होऊ द्यायचो, एक कपडा हातातून गेला नाही. शेवटी दुकान बंद करून घरी गेलो. दार वहिनींनी उघडलं. मास्तर आत खिडकीजवळ बसले होते, दोन बोटं मानेवर ठेवून. सकाळपासून असेच बसलेत, वहिनी म्हणाल्या. समोर ताट होतं. मी शेजारी जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने त्यांनी मोकळ्या हाताने भाताचा घास घेतला. डावी बोटं मानेवर तशीच. त्यांनी चावला, गिळला आणि बोटांनी ऐकत राहिले. मग दुसरा घास घेतला. ताट रिकामं झालं तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

त्यानंतरही भीती गेली नाही. ती मास्तरांच्या घरी राहायलाच आली होती. फक्त तिला बसायची जागा दुसरी दिली होती. काही आठवड्यांनी एका सकाळी त्यांनी तीच करडी पँट माझ्या टेबलावर आणून टाकली, उलटी करून. सगळ्यात शेवटी घातलेली टिपेची ओळ उसवलेली होती. टिपेची भोकं कापडात एका रांगेत दिसत होती आणि घडी बसलेला पट्टा बाकीच्या कापडापेक्षा गडद राहिला होता.

“एकच उसवलीय,” मास्तर म्हणाले. “ही भोकं जरा बुजव. वाफेवर धर, जाळू नकोस.”

मी कापड ओलं केलं आणि इस्त्री ठेवली.