वहिनींचा दाखला

एका हातानं माझ्या ताटात भाकरी टाकत, दुसऱ्या हातानं पदर कमरेला खोचत त्या म्हणायच्या, "तुला काय कळतंय, पोरी. लगीन झालं की कळंल."

जुळे सोलापुरातल्या ज्या खानावळीत मी जेवायचे, तिथं त्या सासूबरोबर भाकऱ्या करायच्या. सातवा महिना लागलेला, वय विचारलं तर 'एकोणीस'. मी अठराची. म्हणून मी त्यांना वहिनी म्हणायचे आणि त्या मला लेकरू समजायच्या.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तुम्हीही असं कुणी पाहिलं असेल: समाजशास्त्राची दोन पुस्तकं वाचली की दिसेल त्याचा उद्धार करायला निघालेलं. वहिनी भाकरी गुंडाळायचा कागदसुद्धा आधी वाचून घ्यायच्या. एकदा हळूच म्हणाल्या, "नववी झालीया माझी. नर्स व्हायचं हुतं."

झालं. शाळेत न जाता दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म यांच्याकडून भरून घ्यायचा, असं मी ठरवून टाकलं. शाळेचा दाखला अक्कलकोटकडं त्यांच्या माहेरी होता. मीच एसटीनं जाऊन आणला. त्यांची आई म्हणाली, "तिच्या हातातच दे गं. कुणाला दावू नगंस."

मी मान हलवली. मान हलवण्यात मी हुशार आहे.

परत येताना जन्मतारीख वाचली आणि संध्याकाळी, माणसांनी भरलेल्या खोलीत, बक्षीस जाहीर करावं तसं मोठ्यानं म्हणाले, "अहो वहिनी, तुम्ही माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहात की."

भाकरी थापायचा आवाज थांबला.

गरोदर मुलीला अठरा पूर्ण नसतील तर दवाखान्यातून पोलिसांना कळवतात. म्हणून तिथं वय वाढवून सांगतात. यावर मी परीक्षेत उत्तर लिहिलं होतं. पाचापैकी चार मार्क पडले होते.

सासूनं दाखला माझ्या हातातून घेतला आणि चुलीत घातला. "शिकलेली हायस न्हवं? माझ्या पोराला आत टाकतीस व्हय?"

वहिनींनी खाली बघत तव्यावरची भाकरी उलटली.

रात्रभर बसून मी माफीचं पत्र लिहिलं, चांगलं मुद्देसूद. सकाळी द्यायला गेले तर त्यांना केमला, सासूच्या गावी पाठवून दिलं होतं.

आठवड्यानं अनोळखी नंबरवरून त्यांचा फोन आला. फॉर्म भरायला दोन दिवस उरले होते.

"त्या दाखल्याची झेरॉक्स काढली हुतीस का गं?"

मी बसच्या पासचीसुद्धा झेरॉक्स काढून ठेवते. त्या दाखल्याची काढायचं तेवढं सुचलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.



"असू दे," त्या म्हणाल्या. "तुझा पेपर कवा हाय?"